वाकळ अंथरून धरलेली जागा

वहिनींना एका गाणाऱ्या बाईंचा दम पाहायचा होता. नागपूरला जाण्याचे त्यांच्या दृष्टीने तेवढेच कारण होते. बाकी सगळी कारणे मी जोडली.

ही हकीकत पन्नासनंतरच्या दशकातली. मी सावलीला जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात कारकून होतो, लग्न व्हायचे होते आणि वैनगंगेच्या अंगाला असलेल्या आमच्या गावातून रोज सायकलने येत-जात असे. घरची धानाची शेती थोरले भाऊ पाहत. वहिनी त्यांच्या पत्नी. पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या वेळी बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, बायकांची रांग उभी राहिली की गाणे वहिनींनी म्हणायचे, हे गावात ठरलेले होते. त्या एक ओळ टाकत आणि रांगेतल्या बाकीच्या ती उचलत. त्या उचलत असताना वहिनी श्वास घेऊन पुढची ओळ तयार ठेवत. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात हे चाले. गाणे तुटले की हात मंदावतात, म्हणून ते तुटू द्यायचे नाही, एवढाच त्याचा नियम.

रेंजर साहेबांच्या पत्नी मूळच्या नागपूरच्या. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होते आणि त्यांच्या घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्या दिवशी वहिनींनी त्यावर एका बाईंचे गाणे ऐकले. घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली. मग चुलीपुढून मला म्हणाल्या, "भाऊजी, ते बाई एकटीच गाते. मागून उचलाले कोणी नाई. मंग दम कुठी घेते?"

मी म्हटले, घेत असतील मध्येच.

"मधी मधी सारं बंद पडे. आता ते बाई थांबे का तो डब्बा थांबे, काही समजलं नाई."

मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. तरी मी रेडिओलहरींविषयी काहीतरी सांगितले. मला ठाऊक नाही असे म्हणणे त्या वयात मला फार जड जाई. आजही ते पुरते सोपे झालेले नाही. वहिनींनी ऐकून घेतले आणि भाकर उलटली.

पुढच्या दिवाळीनंतर रेंजर साहेबांच्या पत्नींनीच बातमी दिली की त्याच बाई पौषात नागपूरला गायला येणार आहेत. त्यांच्या नागपूरच्या भावाकडून तीन पासही मिळाले. मी ते घरी नेले. वहिनींनी हात पुसून एक पास घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि डाळीच्या डब्याखाली ठेवला.  पुढचे कित्येक दिवस डाळ काढताना त्या डबा उचलून खाली पाहत, हे मी पाहिले आहे.

अडचण धानाची होती. पौष म्हणजे चुरण्याचे, मळणीचे दिवस. कापलेल्या धानाची पुंजणी खळ्यावर रचलेली असत आणि बैल फिरवून ते चुरायचे असे. कोणा एकाच्या घरी पुरेसे बैल नसत, म्हणून चार-पाच घरांचे बैल एकत्र करून पाळीपाळीने एकेकाचे खळे उरकत. आमची पाळी नेमकी गाण्याच्या आठवड्यात येत होती. भाऊंनी ते सांगितले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "धान खळ्यावर अन् मालकीण नागपुरात. लोक हासन," एवढेच ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

मी मनातल्या मनात बेत गुंडाळून ठेवला. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याचा पदर खोचून बाहेर पडल्या आणि पाळीतल्या प्रत्येक घरी गेल्या. काय बोलल्या ते कळले नाही. दुपारपर्यंत आमची पाळी पहिली झाली होती. पहिली पाळी कोणालाच नको असे. धानात ओल असते, बैल अजून रुळलेले नसतात. ती वहिनींनी मागून घेतली. खळे उरकले, धान कोठीत गेले, आणि भाऊंजवळ नाही म्हणायला कारण उरले नाही. तेव्हा त्यांनी तिसरा पास स्वतःसाठी मागितला, पण एक अट घातली. जायचे तर नीट जायचे. जागा धरायची.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक किंवा दंडारीचा खेळ असतो. पाहुणे दुपारीच रेंगी, म्हणजे लहान बैलगाडी, जुंपून निघतात. स्टेजपुढच्या जमिनीवर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरायची, त्यावर वाकळ अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि मग निवांत जेवायला जायचे. अशी धरलेली जागा कोणी मोडत नाही. दोन घरांचे वैर असले तरी मोडत नाही. भाऊंच्या मते गाणे म्हणजे याहून वेगळे काही असण्याचे कारण नव्हते. मी त्यांना पास दाखवला आणि सांगितले की तिथे खुर्च्या असतात, आपल्या खुर्च्या राखलेल्या आहेत.

"खुर्चीवर बसून कोणी गाणं आयकते काय, बाबूसाहेब?" भाऊ म्हणाले. "खुर्चीवर कोर्टात बसते."

वहिनी हसल्या आणि त्यांनी वाकळ उन्हात घातली.

माझा बेत वेगळा होता. मी नागपुरात दोन वर्षे शिकलो होतो आणि ते शहर जणू मीच वसवले अशा थाटात ते त्यांना दाखवणार होतो. सकाळी अजब बंगला, मग सीताबर्डीचा बाजार, दुपारी महाराजबागेत वाघ, संध्याकाळी गाणे. रात्री अंथरुणात मी हा क्रम पुनःपुन्हा लावत असे. त्यात वहिनींची हौस किती आणि माझी किती, हे मी तेव्हा तपासले नाही. वाघाचे ऐकल्यावर वहिनींनी मात्र शांतपणे विचारले, "वाघ पाहाले नागपूरले जाचं? मागच्या महिन्यात नाल्यावर होता, तवा तुम्ही दार लावून बसले होते."

निघालो ते रेंगीतून, मूलच्या स्टेशनापर्यंत. तिथून अरुंद रुळांवरची लहान गाडी, नागभीडला गाडी बदलून नागपूर. थंडी कडक होती. भाऊंनी ती वाकळ सगळ्यांच्या पायांवर घातली आणि मी मनात म्हटले, चला, निदान इथे तरी तिचा उपयोग झाला. आता ती धर्मशाळेत राहील. तणीस मी मूललाच सोडायला लावली होती. त्यावरून भाऊ नागभीडपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अजब बंगला पाहून झाला. वहिनींनी तिथली जुनी हत्यारे आणि पेंढा भरलेले पक्षी मन लावून पाहिले, पण दर थोड्या वेळाने त्या उन्हाकडे बघत. सीताबर्डीवर भाऊंनी संत्री घेतली. महाराजबागेच्या रस्त्याला लागलो तेव्हा वहिनी थांबल्या.

"भाऊजी, आता जागेकडे चला," त्या म्हणाल्या. मी खुर्च्यांचे पुन्हा सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या खुर्च्या तुम्ही ठेवा. मले जवळून पाहाचं हाय. लांबून दम दिसत नाई."

भाऊंनी काखेतले गाठोडे हलवले. सकाळपासून ते त्यांच्याजवळ होते आणि मी ते पांघरुणाचे समजत होतो. आत वाकळ होती.

गाण्याचा मांडव एका शाळेच्या पटांगणात होता. ऊन अजून कलले नव्हते. खुर्च्या लागत होत्या, कोणी सतरंज्या झटकत होते, एकजण खांबावर चढून भोंगा बांधत होता. स्टेजच्या पुढ्यात, जिथे बड्या पाहुण्यांसाठी कोच येणार होते, तिथे जमीन मोकळी होती. भाऊंनी तिथे वाकळ अंथरली, इकडेतिकडे पाहिले, आणि दगड मिळाले नाहीत म्हणून चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली. दोघे त्यावर मांडी घालून बसले. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला तिथे बसवेना. माझ्या वर्गातले कोणी येईल, मला पाहील, असे वाटले. मी म्हटले, खुर्च्यांचे नक्की करून येतो, आणि व्यवस्थापकांच्या राहुटीकडे गेलो. तिथला एक स्वयंसेवक माझ्याबरोबर निघाला. तो सभ्य मुलगा होता. समोर कोणी बसले आहे हे माझ्याकडून ऐकून मात्र जरा घाईत निघाला.

बड्या पाहुण्यांच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपाशी आम्ही आलो तेव्हा स्टेजवर त्या बाई येऊन बसल्या होत्या. साधे पांढरे पातळ, अंगावर शाल. मागे दोन तंबोरे जुळत होते. रात्रीच्या आधी आवाज पाहून घ्यायला त्या आल्या असाव्यात. भोंग्याचा माणूस खांबावरून काही ओरडत होता, भोंगा शिट्टी मारत होता, आणि बाई त्रासल्या होत्या. साऱ्या मांडवात समोर बसलेली माणसे दोनच होती. बाईंनी वाकळीकडे पाहून विचारले, "तिथं नीट ऐकू येतं का हो?"

भाऊ खाली पाहू लागले. वहिनी म्हणाल्या, "भोंगा बंद केला तं चांगलं येईन, बाई."

माझ्या शेजारचा स्वयंसेवक पुढे जाणार होता. बाईंनी आधी वहिनींकडे आणि मग त्या चार संत्र्यांकडे पाहिले. त्या हसल्या आणि खांबावरच्या माणसाला म्हणाल्या, "बंद करा तो जरा."

शिट्टी थांबली. तंबोरे चालू राहिले. मग बाई गायल्या. फार वेळ नाही; भाऊंनी वाट पाहत एक संत्रे सोलले असते तर ते सोलून होईपर्यंत, एवढाच वेळ. शब्द बहुधा नव्हतेच. एक सूर लांबवर जाई, थांबे, पुन्हा निघे. मी दोरीच्या बाहेर होतो आणि मला सगळे ऐकू आले असे मी म्हणू शकत नाही. मला वहिनींची पाठ दिसत होती. ती अगदी ताठ होती. बाई थांबल्या की वहिनींचे डोके किंचित पुढे जाई.

संपल्यावर बाईंनी विचारले, "आलं ऐकू?" वहिनींनी दोन्ही हात जोडले. मग त्या उठल्या, संत्री पदरात घेतली, वाकळ झटकली आणि चौपदरी घडी केली. मी आणि स्वयंसेवक तिथवर पोहोचलो तेव्हा काढायला काही उरले नव्हते. वहिनींनी त्याच्या हातावर एक संत्रे ठेवले. "झालं आमचं," त्या मला म्हणाल्या. "आता तुमच्या खुर्च्या दाखवा."

खुर्च्या पार मागे होत्या. रात्री मांडव भरला, भोंगा उत्तम चालला, लोक वाहवा करत राहिले. कोटातली माणसे, शाली, अत्तराचा वास. मला हवे होते ते सगळे तिथे होते आणि मी खूश होतो. भाऊ दुसऱ्या गाण्याला खुर्चीतच झोपले. कोर्टात बसणाऱ्यालाही झोप लागते, असे वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. त्या स्वतः शेवटपर्यंत जाग्या होत्या. पण ज्याची वाट पाहावी असे काही आता राहिले नाही, अशा माणसासारख्या सैल बसून होत्या.

परतीच्या गाडीत मी विचारले, दम कुठे घेतात ते समजले का. खरे तर दोरीच्या अलीकडून मला काही समजले नव्हते आणि ते कबूल करायला मला नागभीड ओलांडावे लागले.

वहिनींनी खिडकीबाहेर पाहतच सांगितले. "ते लपवत नाई. हात मांडीवर ठेवते, थांबते, दम घेते. मांगं ते दोन तंबोरे हायेत ना, ते थांबत नाई. तेच उचलून धरते तिले." जरा वेळाने म्हणाल्या, "डब्ब्यात ते तंबोरे आयकूच येत नोते. म्हणून मले वाटे, बंद पडला."

भाऊ म्हणाले की जागा धरली नसती तर हे काही दिसले नसते.  वाकळ पुन्हा सगळ्यांच्या पायांवर होती आणि या वेळी मी माझा भाग जरा जास्तच ओढून घेतला.

त्यानंतरच्या आषाढातली एक दुपार मला आठवते. रविवार होता आणि मी भाऊंबरोबर बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभा होतो. बांधीत रांग रोवत होती. वहिनींनी ओळ टाकली, बायकांनी उचलली, आणि पुढची ओळ आली नाही. वहिनी वाकलेल्याच होत्या, हात चालू होते. बायका क्षणभर गोंधळल्या, एक-दोघी हसल्या, मग त्याही गप्प झाल्या. चिखलात रोपे खोचल्याचा आवाज तेवढा साऱ्या बांधीभर चालू राहिला. त्याकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते.

भाऊंनी धुऱ्यावरून विचारले, "काऊन थांबल्या वं?"

वहिनींनी मान वर केली नाही.

"थांबलो नाई," त्या म्हणाल्या. "दम घेऊन राह्यलो."