थेट राणीच्या ताब्यातली पाच कपाटं

माझं डोकं फिरलं ते लंडनमधल्या एका चर्चमध्ये. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. लेकीची तिथे कॉन्फरन्स होती आणि मी नुकतीच रिटायर झाले होते, म्हणून मिशिगनमधून तिच्या शेपटाला धरून गेले. एका दुपारी पाय दुखायला लागले, तेव्हा आम्ही दोघी बसायला मिळेल म्हणून एका जुन्या दगडी चर्चमध्ये शिरलो.

तिथे माहिती सांगायला माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की आजूबाजूची सगळी चर्चं त्या भागाच्या बिशपच्या हाताखाली असतात, पण हे एक त्या सगळ्यांच्या मधोमध उभं असूनही बिशपचं इथे काही चालत नाही. हे थेट राणीचं. अशा चर्चला रॉयल पेक्युलियर म्हणतात. इथले मुख्य पाद्री उत्तर देणार ते फक्त राणीला. बिशपना यायचं तर आमंत्रण लागतं. मी विचारलं, राणी येते का कधी तपासायला? बाई हसल्या. म्हणाल्या, तपासायला वगैरे नाही हो येत.

मालक एकच, आणि तोही न येणारा! मला तर स्वर्गच दिसला. बाई पुढे बरंच काही सांगत होत्या, पण माझ्या मनात भाषणाची तयारी सुरू झाली होती.

कारण इकडे मिशिगनमध्ये, आमच्या ट्रॉय गावात, मला एक बिशप छळत होता. तो आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मूळचा नागपूरचा, राहायला जवळच्याच नोव्हाय गावात, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाला. मंडळाच्या इमारतीत मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिच्यात माझी पाच कपाटं मराठी पुस्तकं. ‘माझी’ म्हणजे मंडळाची, पण एकेक पुस्तक मी गोळा केलेलं. कुणी काका गेले, की त्यांची मुलं घर रिकामं करायला यायची. मुलांना मराठी वाचता यायचं नाही. मी गाडी घेऊन दारात हजर. माझ्या नवऱ्याचीही सगळी पुस्तकं तिथेच दिली होती. त्याला समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडायची सवय होती, ती भांडणंसुद्धा त्या कपाटांत होती.

आणि हा सेक्रेटरी म्हणायचा, “काकू, एक यादी तेवढी बनवून द्या ना.” यादी हवी, नियम हवेत, पुस्तक काढून टाकायचं तर कमिटीचा ठराव हवा, त्यावर दोन सह्या हव्यात. मला वाटायचं, काल आलेलं पोर, मला पुस्तकं शिकवतंय.

मंडळाची अध्यक्ष माझी मैत्रीण. मैत्रीण हा शब्द तोकडा पडतो. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात नव्या नवऱ्या म्हणून मिशिगनला आलो, शेजारशेजारच्या अपार्टमेंटमध्ये. दोघींत मिळून धड असा जाड कोट एकच. एक तो घालून दुकानात जायची, तेव्हा दुसरी घरात अडकून पडायची. असं दोन हिवाळे चाललं. लंडनहून आल्यावर मी थेट तिच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चार कप मांडून बिशपची चर्चं दाखवली आणि साखरेचा डबा मधोमध ठेवून म्हटलं, हे माझं ग्रंथालय. फक्त तुझं. मध्ये कमिटी नको.

तिला मजा वाटली. राणी व्हायला कुणाला आवडत नाही?

आमची वार्षिक सभा जेवणाच्या आधी असते. त्या वर्षी श्रीखंड-पुरी होती. पुऱ्यांचा वास हॉलभर सुटला होता आणि मी माइक हातात धरून इंग्लंडच्या चर्चव्यवस्थेवर बोलत होते. ती साठीतली टवळी आज मला भेटली तर मी तिच्या हातातला माइक काढून पुरी देईन. सेक्रेटरीने उभं राहून शांतपणे एकच विचारलं, की पुढे अध्यक्षांचा विचार बदलला तर? मी म्हटलं, “राणी कधी आपलंच चर्च मोडते का?” लोक हसले, टाळ्या पडल्या, भुकेले हात वर झाले. ग्रंथालय कार्यकारिणीकडे नसून थेट अध्यक्षांकडे राहील, अशी ओळ मंडळाच्या घटनेत गेली. मी सोनेरी पुठ्ठ्याचा एक मुकुट कापून पहिल्या कपाटावर चिकटवला. हो, खरंच चिकटवला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी मिरवले. सेक्रेटरी खोलीत आला की विचारायची, “आमंत्रण आहे का?” तो बिचारा दारातूनच पुस्तक मागायचा. यादी मी केलीच नाही. कोण काय घेऊन गेलं, त्याची एक वही होती, तेवढीच.

मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी मैत्रीण माझ्याकडे आली, अध्यक्ष अजून तीच. मी थालीपीठ लावलं, तिने दोन खाल्ली, वर लोणी मागून घेतलं. गुडघे, सुना, भारताची तिकिटं, सगळं बोलून झालं. निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, “खोलीची किल्ली तुझ्याकडेच असते ना?” मी म्हटलं, असते की. ती म्हणाली, “असू दे, असू दे.”

रविवारी मी खोलीवर गेले. किल्ली लागली. दार उघडलं. आत ढोल होते. जमिनीवर ढोल, कपाटांत ताशे, काठ्या आणि भगव्या फेट्यांच्या पिशव्या. मंडळाचं ढोलपथक तिचा मुलगा चालवतो. पहिल्या कपाटावर माझा मुकुट तसाच होता. पुस्तकं बुधवारीच गेली होती, असं पथकातल्या एका पोराने सांगितलं. दोन-चार खोकी जुन्या वस्तूंच्या दुकानात आणि बाकीची रिसायकलिंगच्या गाडीत.

बुधवारी. थालीपिठाच्या आदल्या दिवशी.

मी तिला तिथूनच फोन केला. ती रागावली नाही, ओशाळली नाही. ती पुस्तकं कुणी वाचत नव्हतं, पोरांना जागा हवी होती, तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, असं सगळं समजावून सांगितलं. मी म्हटलं, अगं, निदान कमिटीला तरी विचारायचं. तेव्हा ती म्हणाली, “कमिटीला विचारायचं नाही, हे तूच तर लिहून घेतलंस.”

मी फोन ठेवला. पुस्तकं गेली त्याचं रडू आलंच, पण ती लोणी मागत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं, हे काही केल्या गिळवत नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आई, त्या चर्चमधल्या बाईंनी सांगितलं होतं ना. अशी बिशपच्या हाताबाहेरची चर्चं पूर्वी शेकड्यांनी होती, पण एकोणिसाव्या शतकात बहुतेकांचा तो हक्क काढून घेतला. वरून आदेश निघाला की संपलं. तू ऐकलं नाहीस?” मी कशी ऐकणार? मी भाषण रचत होते.

पुढच्या आठवड्यात दारात सेक्रेटरी उभा. आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं. सहा वर्षं त्याच्याकडे राहिलं होतं, आणि त्यावरून मी त्याला संक्रांतीच्या कार्यक्रमात चारचौघांत चोर म्हटलं होतं. उघडलं तर समासात पेन्सिल. ‘साफ खोटं!’ माझ्या नवऱ्याचं अक्षर.

“काकू,” तो म्हणाला, “ठराव आला असता तर मी अडवलं असतं.” टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

मी त्याला आत घेतलं, चहा केला आणि ती वही काढली. ज्यांनी पुस्तकं कधी परत केली नाहीत, ज्यांना मी वर्षानुवर्षं फोन करून छळलं, तेच वाचवणारे निघाले. आम्ही दोघांनी एकेकाला फोन लावले. लोक आधी घाबरायचे. आत्तापर्यंत त्रेसष्ट पुस्तकं जमलीत. ती माझ्या बेसमेंटमध्ये आहेत, पण ताबा कमिटीचा. यादी आहे, नियम आहेत, दोन सह्या आहेत. त्यातली एकही माझी नको, असं मीच सांगितलं.

वहीत एक ओळ अजून बाकी आहे. एक कथासंग्रह, मैत्रिणीच्या नावावर. मीच बळेबळे वाचायला दिलेला. सेक्रेटरीने विचारलं, “काकू, यांना तुम्ही फोन करता का?”

मी म्हटलं, नाही. कमिटीने ठराव करावा आणि रीतसर पत्र पाठवावं.