काळ्या पडद्याचं वर्णन

काचबिंदूने बळवंत सरनोबतांची दृष्टी गेली, आणि लोकांवरचा विश्वासही पातळ झाला. डोळे जाणार हे डॉक्टरांनी मुलाला आधीच सांगितलं होतं. मुलगा वडिलांना म्हणाला होता, "विशेष काही नाही." तेव्हापासून कॅनडात, बर्नाबीच्या फ्लॅटमध्ये जेवताना मुलगा-सून मध्येच गप्प झाले, की बळवंतराव विचारायचे, "खुणा चालल्यात का?" बहुतेकदा चाललेल्या असत.

सिनेमाचा नाद मात्र सुटला नाही. अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावरची दृश्यं शब्दांत सांगणारा आवाज सिनेमाला जोडतात. मूळची नागपूरची, आता बर्नाबीतच राहणारी ऊर्मी ते शब्द लिहायची. कच्चं काम ती आधी बळवंतरावांकडे येऊन त्यांना ऐकवायची.

या वेळचा सिनेमा एका जुन्या गूढकथेवरचा होता. नायिका बेसमेंटचं दार उघडते. "ती आत पाहते. तिचा चेहरा पांढरा पडतो." मग किंकाळी.

"आत काय आहे?" बळवंतरावांनी विचारलं.

"दाखवलेलंच नाही, काका. मूळ कथेतही लेखक म्हणतो, वर्णन करायला शब्द नाहीत."

"म्हणजे त्याला सुचलं नाही. आणि तू?"

"न दिसण्यातच तर भीती आहे."

"ती तुम्हा डोळसांना. मला सिनेमाभर काहीच दिसत नाही. इथे तुलाही दिसत नाही, हे मी कशावरून मानायचं?"

ऊर्मीला राग आला. घरी जाऊन तिने ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि तो प्रसंग थांबवत थांबवत पाहिला. आत खरंच काही नव्हतं. मग तिने स्वतःचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात चेहरा होता, किंकाळीसाठी सोडलेली जागा होती; काळोख कुठेच नव्हता.

पुढच्या शनिवारी तिने नवं वाक्य ऐकवलं. "दाराच्या आत नुसता काळोख. पडद्यावर कुणालाच काही दिसत नाही. ती मात्र बघते आहे."

बळवंतरावांनी सुनेला हाक मारली. "कादंबरी, इकडे ये. काय दिसतंय सांग. ऊर्मीकडे बघू नकोस."

कादंबरी स्क्रीनपाशी वाकली. "काळंच आहे, बाबा. अगदी काळं."

"कोपऱ्यात?"

"कोपऱ्यातही."

"मागे घे जरा," ते ऊर्मीला म्हणाले.

दार पुन्हा करकरलं. वाक्य संपेपर्यंत बळवंतरावांनी जमिनीवरचे पाय हळूच उचलून सोफ्यावर घेतले होते.

"हे असंच राहू दे," ते म्हणाले.