फोटोपुरती शर्यत

साहेबांचा फोन आला तेव्हा मुलं तारकर्लीच्या वाळूत रांगेत उभी होती आणि शिट्टी माझ्या हातात होती.

"मॅडम, सुरू करू नका. पाहुणे सावंतवाडीहून निघतायत."

"निघतायत म्हणजे निघाले का, सर?"

"निघतील."

मी क्रीडा कार्यालयात अधिकारी आहे. त्या दिवशी समुद्रात पोहण्याची शालेय निवड चाचणी होती. अशा शर्यतीची वेळ ऑफिस ठरवत नाही, समुद्र ठरवतो. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ स्थिर असतं. तेवढ्यात उरकायचं. ओहोटी लागली की जवळच्या खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि माणसाला खोल समुद्राकडे खेचतं.

"सर, पाणी थांबणार नाही," मी म्हटलं. फोन ठेवला आणि शिट्टी वाजवली.

शर्यत चांगली झाली. मालवणची सना पहिली आली. नववीतली पोर, वडिलांचा बंदरावर मासळीचा धंदा. धापा टाकतच तिने विचारलं, "मॅडम, स्टेटला माका एकटीक जावचा लागतला?"

"नाय गो, मी येतंय वांगडा," मी म्हटलं.

शर्यतीपुरत्या भाड्याने घेतलेल्या सेफ्टी बोटी पर्यटकांच्या फेऱ्यांना निघून गेल्या. मुलं उसळपाव खात बसली. आणि मग गाड्यांचा ताफा आला.

पाहुण्यांनी रिकाम्या समुद्राकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा स्टार्ट घ्या. फक्त फोटोपुरता. कमरेएवढ्या पाण्यात."

"सर, ओहोटी लागलीय. बोटी नाहीत. मी घेणार नाही."

"मग शिट्टी द्या इकडे."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला, साहेबांनी शिट्टी फुंकली. मी "पुढे जाऊ नका" म्हणून ओरडत होते, पण शिट्टी ऐकल्यावर पोहणारी पोरं कमरेएवढ्या पाण्यात थांबत नाहीत. बाकीची लाटेने मागे आली. सना सगळ्यांच्या पुढे होती, ती ओढीत सापडली. डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. फेरीवरून परतणाऱ्या एका बोटवाल्याने आरडाओरडा ऐकून बोट वळवली आणि तिला ओढून वर घेतलं.

ती वाचली. फुप्फुसात पाणी गेलं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिच्या वडिलांनी मला विचारलं, "बाई, माजा चेडू पयला इला ना? मगे तेका परत पाण्यात कित्याक घातल्यात?"

साहेब शेजारीच होते. मोबाइल बघत होते.

स्टेटला दुसऱ्या नंबरची मुलगी गेली. सनाला वडिलांनी पुन्हा पोहू दिलं नाही, आणि तीही म्हणे हट्ट करत नाही.

नोटीस मला आली: वरिष्ठांची सूचना डावलून स्पर्धा वेळेआधी सुरू केली. मी उत्तरात दुसऱ्या स्टार्टबद्दल लिहिलं. त्यावर ऑफिसचा खुलासा आला, की अशी कोणतीही दुसरी स्पर्धा झालेलीच नाही. शिक्षा म्हणून मला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता 'वेळेचे व्यवस्थापन आणि निर्णयक्षमता'. उद्घाटक उशिरा आल्याने पहिलं सत्र रद्द झालं.

मी शिकले ते एवढंच. आता शेवटचा पोहणारा बाहेर आला की आधी मुलांना बसमध्ये बसवते आणि बस सोडून देते. नोटिसा काय, येतच राहतात.