वाहरूने मोजलेले मोह

वाहरू पावरा वनखात्यात मजूर आहे, आणि त्याच्याइतका सुबक आकडा शहाद्याकडच्या साऱ्या जंगलात कुणी काढत नाही. अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही. सही करताना घाम फुटतो. पण गेरूचा डबा हातात द्या आणि बघा. छातीच्या उंचीवर टेप फिरवून खोडाचा घेर सांगायचा, साल जराशी तासायची आणि तिथे असा ठसठशीत आकडा काढायचा की चार पावसाळे हलत नाही. तीस वर्षांत आपण एकही झाड दोनदा मोजलं नाही की एकही सोडलं नाही, हे तो न विचारता सांगतो. त्याची बायको दिवलीबाई हे ऐकून ऐकून विटली आहे.

या फाल्गुनात त्यांच्या पाड्याच्या वरच्या अंगाने गॅसची पाइपलाइन न्यायचं ठरत होतं. जमीन सरकारी जंगलाची. परवानगीआधी तिथे काय काय जाईल याची पाहणी व्हायची होती, आणि त्यासाठी हेमांगी नावाची मुलगी आली होती. तापीकाठच्या केळीवाल्या गुजर घरातली, नोकरी पाहणी करणाऱ्या कंपनीत. बोलायची कमी, लिहायची फार, आणि प्रत्येक घेर दोनदा मोजायला लावायची. दुसऱ्या कुणाला याचा राग आला असता. वाहरूला ती पहिल्याच दिवशी आवडली.

वीस मीटरच्या पट्ट्यातली सगळी झाडं त्याने आकड्याखाली आणली. त्यात मोह निघाले सतरा.

तिकडे गावात ग्रामसभा झाली. वाहरू त्या दिवशी जंगलात होता. कुणाकुणाचा मोह जातो, असं घरोघर विचारलं गेलं, आणि सव्वीस घरांनी एकेक सांगितला. मोहाची फुलं म्हणजे उन्हाळ्याची बेगमी, तेव्हा पाइपलाइन खालच्या जुन्या रस्त्याच्या कडेने न्या, असा ठराव झाला. ग्रामसेवकाने ठरावात सरळ लिहून टाकलं: मोहाची झाडं सव्वीस.

दोन्ही कागद चौकीत शेजारी शेजारी आले आणि घोटाळा झाला. अमृत, तिथला वनरक्षक, खाली धानोऱ्याकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने कागद पाहिले आणि म्हणाला, "वाहरूदादा, दोन्हीमा एक तं खोटं शे. तुम्हना आकडा, नाहीतं गावना."

हेमांगीने काही लपवलं नाही. तिच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं की गावाने आकडा फुगवला असेल तर तसं लिही, गावाची माहिती भरवशाची नाही म्हण, आणि रस्त्याकडच्या मार्गाचा विचार सोडून दे. अहवाल आठवड्याने जाणार होता.

वाहरू पेचात पडला. त्याचा आकडा खरा, म्हणजे गाव खोटं. आणि त्या सव्वीसांत त्याची स्वतःची बायको. पाड्यातल्या जाणत्यांनी वाट दाखवली: आणखी नऊ झाडांवर आकडे काढ, कोण बघायला येतंय. वाहरूने एक रात्र विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. झाडावर खोटा आकडा काढायला हात उठणार नाही, म्हणाला. झालं, त्या दिवसापासून घरात भाकरी वेळेवर मिळायची, शब्द मात्र मिळायचा नाही. बायको भांडली तर माणूस निदान उत्तर तरी देतो; गप्प बसली तर काय करणार?

मोह गळायला लागले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे दिवलीबाई टोपली घेऊन निघाली तसा वाहरूही मागोमाग गेला. गप्प घरात एकट्याने बसवेना. ती ओढ्याकाठच्या झाडाखाली बसली आणि फुलं वेचू लागली. बुंध्यावर अकरा नंबर, वाहरूच्याच हातचा. त्याच बुंध्याच्या पलीकडे तापीबाई वेचत होती, त्याच्या गेलेल्या भावाची बायको. दोघींच्या मधे दगडांची एक ओळ होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा वाहरूनेच ती रचली होती: ओळीच्या अलीकडे पडेल ते आपलं, पलीकडे पडेल ते भावाचं.

वाहरू उभाच राहिला. मग त्याने बायकोला विचारलं, ग्रामसभेत कुठला मोह सांगितलास? हाच, ती म्हणाली, दुसरा कुठला आहे आपला? त्याने तापीबाईला विचारलं. तीही म्हणाली, हाच की. आणि दोघी त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, जणू रात्री त्याने जरा जास्तच घेतली होती.

वाहरूने कपाळावर हात मारला आणि एकटाच हसत सुटला. तीस वर्षं तो ऑफिसात मराठीत झाडं मोजत आला, आणि घरच्या बोलीत, पावरीत, कधी मोजायची वेळच आली नव्हती. ऑफिसात मोह म्हणजे बुंधा, घरी मोह म्हणजे आपला वाटा. त्याच दगडांच्या ओळीवर पाय देऊन त्याने अकराचा आकडा काढला होता, आणि तरी या शहाण्याला सुचलं नव्हतं.

फोनला रेंज मिळावी म्हणून तो टेकडी चढला. "ताई," तो म्हणाला, "उद्या उजाडायच्या आत या. झाडं मोजायची नाहीत, झाडाखालची घरं मोजायची आहेत."

हेमांगी आली, अमृतही डोळे चोळत आला. तिघं पहिल्या मोहापासून सतराव्यापर्यंत हिंडले. आठ झाडांखाली एकेक घर वेचत होतं, नऊ झाडांखाली दोन दोन. कुठे मधे दगड, कुठे काठी टाकलेली. हेमांगीने बेरीज केली, अमृतने बोटांवर पुन्हा केली. सव्वीस.

"आते दोन्ही खरं शे," अमृत म्हणाला, आणि वाहरूकडे बघून ओशाळं हसला. वाहरूला इतकं हलकं वाटलं की त्याने त्यालाच चहा पाजला.

तिच्या छापील तक्त्यात झाडाची जात होती, घेर होता, उंची होती. हेमांगीने पट्टीने एक रकाना नवा आखला आणि वर लिहिलं: फुलं वेचणारी घरं. साहेबांनी कुरकुर केली, पण तिने तो खोडला नाही.

पावसाळा सरता सरता पत्र आलं. त्या पट्ट्यापुरती पाइपलाइन जुन्या रस्त्याच्या कडेने नेण्याचं ठरलं होतं. ग्रामसभेत ग्रामसेवकाने ते वाचलं आणि पाहणीतलं एक वाक्य पुन्हा, जरा सावकाश वाचलं: गावाने दिलेली माहिती तपासली असता खरी आढळली.

दिवलीबाईला कागदाची मराठी फारशी कळत नाही. साहेब काय म्हणाला, तिने नवऱ्याला विचारलं. वाहरूने छाती काढून पावरीत सांगितलं: आपण खरं बोललो होतो, असं लिहून आलंय.

दिवलीबाई म्हणाली, "ते मला ठाऊकच होतं. तुला कधी कळलं, ते सांग त्यांना."