शब्दवेधी बाण आणि कमी साखरेचा चहा

मंडळी, संस्कृत शिकलेल्या माणसाला घरच्या खेळात नियम करू देऊ नका. आज मीच माझ्या नियमात अडकलो.

द्वारकेत आमच्याकडे रविवारी लेक मुक्ता आणि तिचे मित्र फाशांवर चालणारा साहसकथेचा खेळ खेळतात. माझं पात्र धनुर्धर. मुक्ताचं वैद्यीण, दोन वर्षं जिवापाड जपलेली. गेल्या महिन्यात मी ऐटीत नियम घातला: अंधारात बाण शब्दवेधी. टेबलाशी जो शेवटचं बोलेल, त्याच्या पात्रावरच सुटणार. फासा उचलल्यावर माघार नाही.

आज गुहेत आमची मशाल विझली. खेळ चालवणारा समीर राक्षसाच्या वतीने गुरगुरला. मी फासा उचलला, तोच स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "चहा कोणाला?"

"मला! साखर कमी," मुक्ता बोलून गेली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अरे, व्याकरणातसुद्धा नियमाला अपवाद असतो," मी म्हणालो.

"काका, तो आधी सांगायचा असतो," समीर म्हणाला. "अब नहीं चलेगा."

"टाक यार, बाबा. तसाही तुझा नेम कधी लागतो?" मुक्ता म्हणाली.

खरंच, वर्षभर माझे बाण भिंतींनाच लागलेत. त्या भरवशावर वीस बाजूंचा फासा टाकला. वीसपैकी वीस.

वैद्यीण गेली. मुक्ता हसली, पण चहा तसाच निवला. मग तिने नवा कागद ओढला आणि नव्या पात्राचं नाव लिहून माझ्यासमोर सरकवलं: 'मौनव्रती साध्वी'.

तेव्हापासून ती माझ्याशीही बोललेली नाही. स्वतःच केलेला नियम मागे घ्यायची सभ्य रीत कुणाला ठाऊक आहे का?