खारीसाठी पाळलेलं मौन

व्हर्ना कोवालचुकच्या तोंडाला कुलूप होतं, आणि युकॉनच्या त्या संशोधन केंद्रावर सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. सव्वीस वर्षं ती बिळात राहणाऱ्या खारी पिंजऱ्यात धरायची, कापडी पिशवीत घालायची आणि तीन मिनिटांच्या आत मांडीतून थेंबभर रक्त काढायची. तेवढ्या वेळात आवाज म्हणून करायचा नाही. माणसाचा आवाज कानावर पडला की खार घाबरते, ताणाचं संप्रेरक रक्तात उसळतं आणि नमुना कचऱ्यात जातो.

"तुझे नमुने म्हणजे सोनं गं बाई!" हॅलोरन डॉक्टर म्हणायचे. "बाकीची पोरं शिंकतात तरी."

डॉक्टर शोधात होते ते एका प्रथिनाच्या. हे प्रथिन ते संप्रेरक धरून ठेवतं. जेवढं सुटं राहील, तेवढंच अंगाला जाळतं. एप्रिलमध्ये नर माद्यांमागे भांडत सुटतात, तेव्हा त्यांच्यातलं हे प्रथिन ओसरतं आणि बहुतेक नर त्या एका हंगामात संपतात. फाटक्या कानाचा आठशे बारा नंबरचा नर मात्र चौथ्या वसंतातही जिवंत होता. त्याचं रक्त डॉक्टरांना हवंच होतं.

व्हर्नाला धरून ठेवणारा तिचा नवरा एल्मर होता. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. दफनाच्या दिवशी त्यांची मुलगी टॅमसिन आईसमोर उभी राहून रडत होती. व्हर्नाने तिच्या खांद्यावर शाल घातली आणि गप्प बसली. टॅमसिन लहान असताना शाळेतून रडत आली की हेच करायची ती: आधी पांघरूण, मग शांतता, पोर आपोआप निवायची. पण त्या दिवशी पोरगी किंचाळली, "अगं काहीतरी बोल ना! मी काय तुझी खार आहे?" व्हर्नाने तिची शाल पुन्हा नीट केली. टॅमसिन व्हँकुव्हरला निघून गेली. नंतर फोनवरही तेच. पोरगी बोलायची, व्हर्ना तिला आधी शांत होऊ द्यायची, आणि पलीकडून फोन बंद व्हायचा. मग व्हर्ना स्वयंपाकघरात बसून तिचं नाव घ्यायची, मोठ्याने! काय उपयोग?

काल टॅमसिनचा निरोप आला होता: "आई, उद्या सकाळी न्यूझीलंडला जातेय, कायमची. विमानात बसायच्या आधी एकदा फोन करीन. ह्या वेळी नाही बोललीस, तर मी पुन्हा करणार नाही."

फोन खिशात ठेवून व्हर्ना सकाळी बर्फ तुडवत निघाली. तिसऱ्या पिंजऱ्यात आठशे बारा बसला होता. तिने त्याला पिशवीत घेतलं, घड्याळाचं बटण दाबलं, सुई हातात धरली, आणि खिशात फोन वाजला.

खार थरथरली.

सुई खाली ठेवून तिने फोन कानाला लावला.

"आई?"

सवयीने तिने आधी खारीवर हात ठेवला. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"बरं," टॅमसिन म्हणाली. "ठेवते मग."

"नको!" व्हर्ना ओरडली. पिशवीतला आठशे बारा चिरक्या आवाजात किंचाळला. "ठेवू नकोस गं. मला तुझी फार आठवण येते. रोज येते. त्या दिवशीही खूप बोलायचं होतं, मला जमलं नाही."

पलीकडून विमानतळाचा गोंगाट येत होता.

"आई, तो कसला आवाज?"

"आठशे बारा. भयंकर चिडलाय माझ्यावर."

"तो फाटक्या कानाचा? अजून आहे?" टॅमसिनचा आवाज फुटला. "तो हातात असताना बोलतेयस तू?"

"हो गं माझे बाई."

टॅमसिन रडू लागली. व्हर्ना ह्या वेळी गप्प बसली नाही. सुचेल ते बोलत राहिली, बर्फाबद्दल, एल्मरच्या जुन्या टोपीबद्दल, तिकडे पोचल्यावर फोन कर म्हणून. मग विमानाची वेळ झाली आणि पोरगी गेलीच.

व्हर्नाने पिशवी सैल केली. आठशे बारा बर्फावरून धूम पळाला. तिने वहीत लिहिलं: नमुना नाही. मी बोलले.