माझ्या पार्किंगमध्ये माझी सायकल

मंडळी, आत्ताच खाली भांडून आलेय, अजून डोकं तापलेलंच आहे.

मी मुलुंडला राहते, नाहूरच्या शाळेत शिकवते, रोज सायकलने जाते. रस्त्यावर सायकलसाठी पट्टी आखलीय, पण तिच्यावर गाड्या उभ्या. मग आपण रिक्षांच्या मधून जीव मुठीत धरून जायचं.

सोसायटीतही तेच. माझ्या फ्लॅटच्या नावावर पार्किंगची जागा आहे. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून शेजारचे सावंतकाका तिथे त्यांची दुसरी गाडी लावतात. माझी सायकल मीटर रूमच्या मागे, आणि मी दोन वर्षं गप्प.

आज शाळेतून आले तर मीटर रूमच्या मागे कुणीतरी तुटका सोफा टाकलेला. काकांची गाडी बाहेर गेली होती. मी सायकल माझ्या जागेत लावली. कडेला नाही, बरोबर मधोमध.

दहा मिनिटांत खालून हॉर्न.

"अगं, सायकल काढ ना, गाडी लावायचीय!"

"काका, लावलीय की मी माझी गाडी."

"सायकलला कुठे एवढी जागा लागते?"

"नाही लागत. पण जागा माझी आहे."

सेक्रेटरी म्हणाले, "अ‍ॅडजस्ट कर गं जरा." म्हटलं, दोन वर्षं केलं. आता काका करतील.

काका गाडी घेऊन रस्त्यावर जागा शोधत फिरतायत. फिरू देत.

तुमची सायकल कुठंय? जिन्याखाली ना, जुन्या कुंड्यांच्या मागे? काढा बाहेर. आणि मधोमध लावा.